अंतर दोऱ्याने मोजा, वेळ वाऱ्याला विचारा

आज मी पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घेऊन आलोय. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साधारण ४०-४१ अंश उत्तर. भिंतीवरच्या नकाशात दोघांमध्ये पट्टी ठेवली की रेघ आडवी येते. आता हा दोरा गोलावर ताणून धरतो. मागच्या रांगेत दिसतंय ना? दोरा मध्येच वर सरकला, पार ४६ अंशांपर्यंत. आडव्या रेघेनं गेलात तर सुमारे ५,९५० किलोमीटर पडतात, दोऱ्यानं गेलात तर ५,७७०. विमानाच्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा दिसतो तो यामुळे; वैमानिक उगाच वळसा घालत नसतो. आणि कुठलीही दोन शहरं घ्या, हा दोरा २०,००० किलोमीटरच्या फारसा पुढे जात नाही. परीघच ४०,०००चा, त्याच्या निम्म्याहून लांब जाणार कुठे?

अंतराचं एवढंच. वेळेची गंमत मोठी आहे.

लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५५० किलोमीटर. जाताना आठेक तास, येताना सात किंवा त्याहूनही कमी. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी हवेत एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, जाताना गेलं ते येताना मिळालं, हिशोब फिटला. फिटत नाही! कागदावर मांडू. अंतर ५,५०० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००, वारा १००चा. पाठीशी वारा असेल तर साडेपाच तास. समोरून असेल तर ६ तास ५२ मिनिटं. बेरीज १२ तास २२ मिनिटं. वारा नसताच तर १२ तास १३ मिनिटंच लागली असती. वारा समोरून असतो तेव्हा आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ असतो, म्हणून तो घेतो जास्त, देतो कमी.

समोरून प्रश्न आलाय: पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडत नाही का? पृथ्वी पूर्वेकडे फिरते. विमान जागच्या जागी लटकलं असतं आणि जमीन खालून सरकली असती, तर पश्चिमेला जाणाऱ्यांची चैन होती. विषुववृत्तावर तर जमीन ताशी १,६७० किलोमीटरनं सरकते. पण अनुभव उलटा आहे, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. वाऱ्याचे हे पट्टे घडवण्यात मात्र त्या फिरण्याचा हात आहे, तेव्हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

राहता राहिली माणसांची भानगड. हेलसिंकी-टोकियो दोऱ्यानं मोजलं तर ७,८०० किलोमीटरच्या आसपास, वाट रशियावरून. साडेनऊ तासांत होणारा हा प्रवास २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ते आकाश बंद झाल्यावर तेरा तासांवर गेला. काही विमानं चक्क उत्तर ध्रुवावरून वळली, काही दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे. आता गोल पुढच्या रांगेत देतो, दोरा तुम्हीच लावून पाहा. फक्त रशियावर बोट ठेवायचं नाही.