खाडा

(दृश्य : ड्रोनमधून चिमणी. खाली पार्किंग.)

लोअर परळ. दुपारचे बारा. खाली गाडी लावायला जागा शोधणारी माणसं, वर ही जुन्या कापडगिरणीची चिमणी, म्हणजे धुरांडं. गिरणी गेली, चिमणी ठेवली. फोटो छान येतो.

या चिमणीच्या हद्दीत भोंगा वाजायचा. पहिल्या भोंग्याला उठायचं, शेवटच्या भोंग्याआधी फाटकाच्या आत व्हायचं. जो बाहेर राहिला, त्याचा खाडा.

खाडा हा शब्द आता दूधवाल्याच्या आणि कामवाल्या मावशींच्या हिशेबापुरता उरलाय. गिरणगावात त्याचा धाक होता. एक दिवस कामाला आला नाही म्हणून दोन दिवसांचा पगार कापायचा, ही रीत अनेक गिरण्यांत होती. तिला नावही होतं : डबल खाडा. एक दिवस न आल्याबद्दल. दुसरा कशाबद्दल, ते विचारायची सोय नव्हती.

(दृश्य : चाळीतला व्हरांडा. म्हातारे हात. हातात धोटा.)

हे काका साचाखात्यात होते, म्हणजे साच्यावर, मागावर, कापड विणायचे. चेहरा दाखवू नका म्हणाले, म्हणून हात बघा.

हा धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, होडीसारखा. आत कांडी बसते, कांडीवर सूत. साचा चालू झाला की धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो आणि मागे आडवा धागा सोडत जातो. कांडी काही मिनिटांत संपते. साचा थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची. आता सुताचं टोक धोट्याच्या या बारीक भोकातून बाहेर यायला हवं. बोटाने ते जमत नाही. काका काय करतात बघा.

(दृश्य : धोटा ओठांपर्यंत जातो. तीन सेकंद थांबा.)

भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत बाहेर येतं. सुताबरोबर कापसाची कणी येते, आणि आधीच्या पाळीत ज्याने हाच धोटा ओठाला लावला, त्याचंही जे काही असेल ते येतं. कांडी बदलली की पुन्हा तेच. दिवसभर.

सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवलेली. साच्यांचा आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करायचे नाहीतर ओठ वाचायचे. काकांना अजून तुमचे ओठ कळतात. पगार कापडावर, म्हणजे जितकं विणाल तितकं. कापडात दोष निघाला, की तो तुकडा मागवाल्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करायची. मजुरीही गेली आणि वर न मागितलेलं कापड विकत घेतलं. दंड आणि कपातीला कायद्याचा लगाम लागायला १९३६ साल उजाडलं. छातीच्या रोगाने किती माणसं गेली, हा हिशेब वेगळा.

(दृश्य : गिरणीचं बंद फाटक. गंजलेली कडी.)

या फाटकाशी सकाळी बदलीवाल्यांची रांग असायची. कुणी कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी एक दिवसाचं काम. कुणाला आत घ्यायचं, हे ठरवायचा जॉबर. म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण.

मालक कामगाराला क्वचित दिसायचा. कामगारासाठी गिरणी म्हणजे जॉबर. नोकरी त्याच्या हातात, रजा त्याच्या हातात, साचा बिघडला तर दुरुस्तीही त्याच्याच मर्जीवर. आत शिरायचं तर आधी दस्तुरी, म्हणजे लाच, द्यायची. कैकदा पैसे उसने देणाराही तोच, आणि राहायला खोली बघून देणाराही तोच. आता भांडायचं कुणाशी? ज्याच्याशी भांडायचं त्याचंच देणं थकलेलं. जॉबर बहुतेक गाववालाच निघायचा. अर्ध्या कामगारांना त्यानेच बोटीतून मुंबईला आणलेलं. त्यामुळे शिवी तोंडात यायची आणि गिळायलाही लागायची.

१९३५ साली गिरण्यांनी बदलीवाल्यांना कार्डं द्यायला सुरुवात केली, जॉबरची पकड थोडी सैल झाली. थोडी.

(दृश्य : टपाल तिकीट, जवळून. पगडी, मिशा.)

हे तिकीट २००५ सालचं. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, १८४८. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक, आणि मांडवीच्या एका गिरणीत काही काळ स्टोअरकीपर. म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती.

तेव्हा काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. थंडीत दिवस लहान म्हणून काम कमी, उन्हाळ्यात तेरा तासांच्याही पुढे. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तास आणि महिन्याला चार सुट्या. वाचताना पुन्हा वाचावंसं वाटतं : सात ते बारा. मोठ्यांसाठी त्यात काहीच नाही. गिरणी रविवारी बंद असली तरी कामगार बंद नसायचा. यंत्रं पुसायला, तेल घालायला त्याला यावंच लागायचं.

इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना याच काळात हिंदी कामगाराचा मोठा कळवळा आला होता. मुंबईचं स्वस्त सूत बाजारात आल्यावर आला, हे आपलं जाता जाता.

(दृश्य : परळ, सुपारीबाग. आजची गर्दी.)

सप्टेंबर १८८४. इथे, सुपारीबागेत, लोखंड्यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा झाल्या. साडेपाच हजार जणांनी अर्जावर निशाणी केली. मागण्या काय होत्या? आठवड्यात एक रविवार. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नको. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. आणि एक मागणी अशी, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

पगार वाढवा नव्हे. केलेल्या कामाचा पगार पंधरा दिवसांच्या उशिराने का होईना, पण द्या. पगार मागे ठेवला की माणूस सोडून जात नाही. गिरण्यांना हे चांगलं ठाऊक होतं.

अर्जाचं काही झालं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० सालात, दहा हजारांसमोर. त्या क्षणाचं चित्र असतं तर हा माहितीपट तिथूनच सुरू केला असता. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हाला हवा, असाही मुद्दा लोखंड्यांनी मांडला होता असं सांगतात. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी ती कायद्यात आली. १८९७ च्या फेब्रुवारीत लोखंडे प्लेगने गेले.

(दृश्य : पिवळा दिवा. मग खोली, दहा बाय बारा. भिंतीवर खुंट्या.)

आठवडा थोडा सुटला, दिवस मात्र अडकला. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळायचा प्रश्नच उरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालल्या. पुरुषांच्या दिवसाला १२ तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. मग ११, मग १०, आणि १९४६ पासून ९.

या खुंट्या मोजा. एकेका खुंटीला एकेका माणसाचं सगळं घर. बायको कोकणात नाहीतर घाटावर, मुंबईत फक्त वळकटी. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी तिच्याच जागेवर आडवी व्हायची. जेवण खानावळवालीकडे. मुलाचं तोंड शिमग्याला किंवा गणपतीला दिसायचं. सुटीवरून चार दिवस उशिरा परतलं तर साच्यावर बदलीवाला उभा.

(दृश्य : १९८२ ची छायाचित्रं. निवेदन कमी, आवाज खाली.)

१८ जानेवारी १९८२. कामगार नेते दत्ता सामंत यांचा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. संप मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही. गिरण्या मात्र संपल्या.

(दृश्य : संध्याकाळ. काचेची इमारत. चिमणी काचेत दिसते.)

२०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं त्यात आहे. लेखी संमती कशी मिळवतात, ते सांगायला जॉबर हवा होता.

आज रविवार. सातव्या मजल्यावर दिवे चालू आहेत. आत कुणी तरी लॅपटॉपसमोर बसलंय, फोन कानाला. ऐकू येत नाही, पण काका इथे असते तर त्यांनी ओठ वाचले असते.

खाली फाटकाशी सुरक्षारक्षकाची खुर्ची. बारा तासांची ड्युटी आठ वाजता सुटते. रजिस्टरमध्ये सही झाली, डबा पिशवीत गेला, पिशवी खांद्याला. साडेआठ होऊन गेले. रात्रीचा बदलीवाला अजून आलेला नाही.

तो पिशवी खाली ठेवतो आणि परत बसतो.