'कोणी एक'

मित्रहो, डिसेंबर १९६१. इंग्लंडच्या हल शहरातल्या हल एफसी या रग्बी क्लबाने सैन्यातल्या एका अठरा वर्षांच्या पोराला चाचणीसाठी मैदानात उतरवलं. संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. नावाच्या जागी 'कोणी एक' असं होतं. त्या कोणी एकाने तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि क्लबाने त्याच्याशी लगेच करार केला. तो पोरगा क्लाइव्ह सलिव्हन.

नाव का लपवायचं? त्यासाठी १८९५ सालात जावं लागेल. उत्तर इंग्लंडचे रग्बीपटू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. शनिवारी खेळायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढीच क्लबांची मागणी होती. खेळाच्या धुरीणांना ती पटली नाही, म्हणून ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेचे क्लब वेगळे झाले. त्यातून तेरा जणांची रग्बी लीग उभी राहिली. मला हा खेळ प्रिय आहे तो या जन्मकथेमुळे. पण फुटीचा राग शंभर वर्षं टिकला. जो लीगमध्ये गेला त्याला पंधरा जणांच्या मूळ रग्बीचे, म्हणजे रग्बी युनियनचे, दरवाजे कायमचे बंद. चाचणीत नापास झालात आणि नाव फुटलं, तर तेलही गेलं आणि तूपही गेलं!

सलिव्हन कार्डिफच्या स्प्लॉट वस्तीतला. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या. हा नीट चालेल की नाही, अशी शंका होती. आणि हाच पुढे विंगवर खेळला, म्हणजे संघातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या जागेवर. एकट्या हल एफसीसाठी त्याने २५० ट्राय केले.

१९७२ मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा हा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. इंग्लंडच्या फुटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९७८ साल उजाडलं, हे लक्षात घ्या. १९७२ च्याच रग्बी लीग विश्वचषकाची अंतिम लढत फ्रान्समध्ये, लियोंला झाली. समोर ऑस्ट्रेलिया. सुटलेला चेंडू सलिव्हनने आपल्याच हद्दीत उचलला आणि जवळजवळ अख्खं मैदान पळत ओलांडलं. मागून कोणाची पकड बसलीच नाही. जादा वेळानंतरही गुण १०-१०. साखळीत ब्रिटन वरचढ होता, म्हणून चषक त्यांचा. पुरुषांचा हा विश्वचषक त्यानंतर ब्रिटन वा इंग्लंडकडे आलेला नाही. सामना पाहायला मात्र प्रेक्षक मोजकेच होते. हे मला आजही लागतं.

हल शहराचं वेगळंच. नदीच्या पश्चिमेला हल एफसी, पूर्वेला हल केआर, आणि दोघांत हाडवैर. सलिव्हन दोन्हीकडे खेळला. १९८० मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर, रग्बी लीगच्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हेच दोन क्लब भिडले. तेव्हा तो पूर्वेकडून खेळत होता, आणि पूर्व जिंकली. दोन वर्षांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पश्चिमेकडून उतरून त्याने तोच कप पुन्हा जिंकला. तरी कोणत्याच काठाने त्याला परका म्हटलं नाही.

१९८५ च्या ऑक्टोबरात कर्करोगाने तो गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. हंबर पुलाकडून हलमध्ये शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे: क्लाइव्ह सलिव्हन वे. दोन्ही काठांचे लोक त्याच रस्त्याने घरी येतात.