चप्पल कुठून झिजली आहे?

वाकड्या पायाचं मूल तपासायला आणलं की मी पायाआधी त्याची चप्पल उलटी करून बघतो. बाहेरची कड झिजलेली आणि आतली तशीच असेल, तर विचारतो, पाय सारखा मुरगळतो का? चालताना चप्पल निसटते का? मग वडिलांना म्हणतो, जरा तुमचेही पाय दाखवा. पुष्कळदा तिथेच उत्तर मिळतं. कमान तितकीच उंच, बोटं तशीच आखडलेली. ‘आमच्या घराण्यात पायच असे’ म्हणून त्यांनी ते सोडून दिलेलं असतं.

पण असे पाय घराण्यात चालत येतात ते पुष्कळदा नसांच्या एका आनुवंशिक आजारामुळे. त्याला शार्को-मारी-टूथ म्हणतात. 1886 साली पॅरिसच्या शार्को आणि मारी यांनी आणि इंग्लंडच्या टूथ यांनी त्याचं वर्णन केलं. साधारण अडीच हजारांत एकाला तो असतो. नसा हळूहळू क्षीण होतात आणि त्यांच्यावर चालणारे स्नायूही.

पण सगळे स्नायू एकदम थकत नाहीत, वाकडेपणा येतो तो त्यामुळेच. पाऊल बाहेर वळवणारा पेरोनियस ब्रेव्हिस लवकर गळतो. आत ओढणारा टिबियालिस पोस्टेरियर बराच काळ शाबूत राहतो. अंगठ्यामागचं हाड खाली दाबणारा पेरोनियस लाँगसही तग धरतो. ते हाड खाली गेलं की जमिनीवर टेकण्यासाठी टाच आत कलते.

म्हणून आम्ही मुलाला लाकडी ठोकळ्यावर उभं करतो. टाच आणि पावलाची बाहेरची कड ठोकळ्यावर, अंगठ्याची बाजू खाली मोकळी. टाच सरळ झाली तर ती अजून लवचीक आहे, मूळ दोष पुढच्या भागात आहे. अशा वेळी तळव्याचा ताठ पडदा सोडवून आणि अंगठ्यामागचं हाड कापून वर उचलून बरंच काम होतं. टाच सरळ होत नसेल तर तिचंही हाड कापून बाहेर सरकवावं लागतं.

एवढ्यावर थांबू नये, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. हाड सरळ केलं आणि स्नायूंची ओढ तशीच ठेवली, तर पाय पुन्हा वाकडा होतो. म्हणून पेरोनियस लाँगसची कंडरा ब्रेव्हिसला जोडतो. पाय बिघडवणारी ताकदच तो सावरायला लागते. पाऊल लोंबत असेल तर टिबियालिस पोस्टेरियर नडगीच्या दोन हाडांमधून पुढे आणून पावलाच्या वरच्या बाजूला बसवतो. कुष्ठरोगामुळे पाऊल लुळं पडलेल्यांवर आपल्या देशात हीच शस्त्रक्रिया अनेक वर्षं होत आली आहे.

पूर्वी पावलाच्या मागच्या भागातले तीन सांधे कायमचे जखडून टाकत. पाय लगेच सरळ दिसतो, त्याचा मोह मला समजतो. पण वीसेक वर्षांत सगळा ताण घोट्यावर येऊन तो झिजतो. लहान वयात ते टाळावं, आणि टाळायचं तर पाय लवचीक असतानाच यावं.

नसांचा आजार शस्त्रक्रियेने जात नाही. पुढेही पायाला आधाराचा पट्टा लागू शकतो. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या प्लास्टरच्या आठवड्यांत एक ध्यानात ठेवा. या मुलांच्या पायाची संवेदना कमी असते. आत जखम होत असली तरी मूल ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. प्लास्टरला वास आला, ओल दिसली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी या.