५२ कोटींचं केळं आणि नानांचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार. खान्देशात राहणाऱ्यांना नमस्कार, आणि पुण्या-मुंबईला जाऊनही घरून काळा मसाला मागवणाऱ्यांनाही नमस्कार.

आज मला विषय दिलाय तो असा : आजची कला, फॅशन आणि प्रसिद्ध माणसं, ही तिन्ही एकमेकांना कुठे भेटतात. मी म्हटलं, बोलतो, पण मला केळ्यावर येऊ द्याल तर. हो म्हणाले. तेव्हा आधीचं भराभर उरकतो, मग आपण केळ्यावर येऊ.

तर या तिघांचं येणं-जाणं जुनं आहे. १९३७ साली पॅरिसच्या एल्सा स्किआपरेली या बाईंनी एक पांढरा रेशमी झगा काढला. त्यावर चित्रकार साल्वादोर दालीच्या डोक्यातून आलेला भला मोठा लाल शेवंड, म्हणजे हॉटेलात ज्याला लॉबस्टर म्हणतात तो. झग्यात फोटो कोणाचे निघाले? वॉलिस सिम्प्सनचे. जिच्यापायी इंग्लंडच्या राजाने आदल्याच वर्षी गादी सोडली, ती. झालं, चित्रकार, शिवणारी आणि नेसणारी, तिघांचीही चर्चा एकाच झग्यात झाली.

१९६५ मध्ये इव्ह सँ लोराँ या फॅशनवाल्याने चित्रकार पीट मोंद्रियानची चित्रं सरळ झग्यांवर उतरवली. काळ्या पट्ट्या, मधे लाल, निळे, पिवळे चौकोन. मोंद्रियान १९४४ लाच वारला होता, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्न आला नाही.

मग अमेरिकेचा चित्रकार अँडी वॉरहॉल. त्याने १९६२ मध्ये सुपाच्या डब्यांची चित्रं केली. त्याच वर्षी मेरिलिन मन्रो ही नटी गेली, तर तिचा चेहराही तसाच पुन्हा पुन्हा छापला. पुढे त्या सूप कंपनीने डब्यांच्या चित्रांचा कागदी झगाच विकायला काढला. एक डॉलर आणि डब्याची दोन लेबलं पाठवा, झगा घरपोच. आज तो कागदी झगा संग्रहालयात जपून ठेवलाय. आणि वॉरहॉलच्या एका मेरिलिनला २०२२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात साडेएकोणीस कोटी डॉलर आले. रुपये नव्हे, डॉलर.

आपल्याकडे हे नवीन आहे असं कोणी समजू नये. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला आणि साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. बायका त्या छापील देवीला खरी जर, खऱ्या टिकल्या लावायच्या. कापडगिरण्या ठाणांवर तसलीच चित्रं चिकटवायच्या. चित्राने कापड खपवलं आणि कापडाने चित्र खपवलं.

कलाकाराने स्वतः दिसावं की नाही, यावर आपल्याकडे दोन टोकं आहेत. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी फिरायचे, हातात लांबलचक कुंचला. ते आले की माना वळायच्या. माधुरी दीक्षितवर चित्रांची मालिका काढली आणि २००० साली तिला घेऊन सिनेमाच केला. दुसरं टोक आपल्या चाळीसगावचं. केकी मूस. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यातून अख्खा देखावा उभा करून फोटो काढणारा माणूस, परदेशातली बक्षिसं मिळवणारा, आणि राहायचा कसा? तर दार लावून. बरीचशी हयात त्यांनी घराच्या चार भिंतींत काढली. स्टेशनाजवळ ते घर आहे, आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. गाडी बदलायला चाळीसगावला उतरणारे लोक वडापाव खातात आणि पुढे जातात. जाऊ द्या.

आता गेल्या काही वर्षांतलं. न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात कपड्यांचा एक विभाग आहे. त्याच्या खर्चासाठी दर मे महिन्यात मेट गाला नावाची मेजवानी भरते. २०२५ ला आपला शाहरुख पहिल्यांदा तिथे गेला, सब्यसाची या डिझायनरच्या काळ्या कोटात, हातात वाघाच्या डोक्याची काठी. संग्रहालयात त्या वेळी काय मांडलं होतं, हे मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. काठी सगळ्यांना माहीत होती.

आपल्याकडचंच घ्या ना. दागिन्यांच्या दुकानाचं उद्घाटन, मालिकेतली नटी येणार, रस्ता बंद. जळगावचं गिऱ्हाईक सोनं डोळ्यांनी तोलतं अशी ख्याती. पण त्या दिवशी एक माणूस सोन्याकडे बघेल तर शपथ. सगळ्यांचे मोबाइल हवेत. आणि आता तर लग्नाआधीच फोटो काढायची टूम निघालीय, नवरा-नवरी भाड्याच्या कपड्यांत पाटणादेवीच्या धबधब्यापाशी. मी काही बोलत नाही. बोललं की आपण म्हातारे ठरतो.

बरं, केळ्यावर येऊ.

मौरिझियो कातेलान नावाचा इटालियन कलाकार आहे. खोडकर माणूस. अठरा कॅरेट सोन्याचा संडास त्याचाच, जो २०१९ साली इंग्लंडच्या एका महालातून चोरीला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या मायामीच्या कलाबाजारात त्याने एक पिकलं केळं चंदेरी चिकटपट्टीने भिंतीवर चिकटवलं. नाव ठेवलं ‘कॉमेडियन’. किंमत एक लाख वीस हजार डॉलर. आणि घेतलं लोकांनी! मग एक दुसरा कलाकार आला, त्याने भिंतीवरून ते केळं काढलं, सोललं, खाल्लं. गॅलरीवाल्यांनी दुसरं लावलं. ब्रुक शील्ड्स या नटीने स्वतःच्या कपाळावर केळं चिकटवून फोटो टाकला. बघायला इतकी गर्दी की शेवटच्या दिवशी केळं उतरवावं लागलं. पुढे २०२३ ला कोरियात एका विद्यार्थ्याने तेच केलं, खाल्लं. सकाळी नाश्ता झाला नव्हता म्हणाला.

आणि मग नोव्हेंबर २०२४. न्यूयॉर्कला सदबीज या लिलाव कंपनीत तेच ‘कॉमेडियन’ बोलीला निघालं आणि बासष्ट लाख डॉलरला गेलं. म्हणजे आपले सुमारे ५२ कोटी रुपये. पुन्हा सांगतो, एक केळं, ५२ कोटी.

ती बातमी आली त्या दिवसांत मी रावेर तालुक्यात होतो, आमच्या एका नातलगांकडे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाव सांगत नाही, कारण ते रेडिओ ऐकतात. विधानसभेचं मतदान उरकलेलं, निकाल यायचा होता. ओट्यावर पाच-सात जण बसलेले, त्यांची मतमोजणी ओट्यावरच चाललेली. तेवढ्यात नानांचा नातू मोबाइल घेऊन धावत आला. “आबा, केळं ५२ कोटीला गेलं!”

नानांनी आधी चष्मा पुसला. मग विचारलं, “कोन्ती जात?”

मी म्हटलं, “नाना, जातीचा प्रश्न नाही, ती कला आहे.”

“मंग घड होता का?”

“घड नाही. फणीही नाही. एक केळं.”

“कापनी कधी झाली व्हती?”

आता काय सांगणार! मी सगळं समजावून सांगितलं. भिंत, चिकटपट्टी, इटालियन माणूस. ओट्यावर निवडणूक थांबली. नाना शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, की जो मी मुंबईच्या कलादालनांत वावरणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकला नव्हता. “चार दिवसांत ते सडलं तं? ५२ कोटी गेले का मंग?”

म्हटलं, “नाही नाना. सडलं की नवं केळं लावायचं. कातेलानने विकत घेणाऱ्याला एक प्रमाणपत्र दिलंय आणि कसं लावायचं त्याच्या सूचना दिल्यात. ते प्रमाणपत्र ज्याच्याकडे, त्याचंच केळं खरं. तुम्ही-आम्ही भिंतीवर चिकटवलं तर ते नुसतं केळं.”

नानांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजे सातबारा! वावर त्याचं, पीक दर साली नवं!”

श्रोतेहो, मी या विषयावर बरंच जाड-जाड वाचलंय. पण दोन शब्दांत एवढं कोणी सांगितलं नव्हतं. विकला गेला तो कागद. केळं बदलत राहील, चिकटपट्टी बदलत राहील, कागद तोच. लुई व्हुताँच्या पिशवीवर यायोई कुसामा या जपानी चित्रकार बाईंचे ठिपके असतात, तिथेही चामडं बाजूला ठेवा, पैसे त्या नावाचे. २०२३ ला तर त्या कंपनीने न्यूयॉर्कच्या दुकानात कुसामाबाईंचा हुबेहूब यंत्रमानव बसवला होता, काचेवर ठिपके काढत. खऱ्या बाई नव्वदी ओलांडून टोकियोत. दुकानात त्यांचा चेहरा पुरला.

तर कागदाचं निघालं तसे नाना इरेला पेटले. म्हणाले, “कागद तं माह्या केयीले बी आहे.”

खरंच आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जीआय, म्हणजे हा माल याच मुलखाचा असा सरकारी कागद. त्याच वर्षी आपल्या भरिताच्या वांग्यालाही. (आणि ते वांगं गॅसवर भाजणाऱ्यांनी भरिताला भरीत म्हणू नये. कपाशीच्या काड्या लागतात. हे माझं मत आहे, पण बरोबर आहे.) कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं. आणि तरी जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये पुरुष मॉडेल तशाच चपला घालून चालले, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नव्हतं. आपल्याकडून ओरड झाली, पत्रं गेली, मग कंपनीने मान्य केलं की प्रेरणा इथली. कागद होता, पण तो दाखवायला कोणी तारा नव्हता. नानांचं तेच. “कागद आहे तं मंग भाव का नही?” ओट्यावरचा एक जण म्हणाला, “नाना, तुम्ही केयं कपायावर चिकटवा, मी फोटो काढतो.” नानांनी त्याच्याकडे जे बघितलं!

मग मी त्यांना सांगितलं की ५२ कोटींचं ते केळं मुळात आलं कुठून. लिलावाच्या दिवशी रस्त्यावरच्या एका फळवाल्याकडून आणलं होतं. मूळचा बांगलादेशचा, सत्तरी ओलांडलेला माणूस. पस्तीस सेंटला त्याने ते विकलं.

“किती झाले?”

“तीसेक रुपये.”

नाना ताडकन उठले. “एक केयं तीस रुप्याले? लुटलं त्याले! तथीच लुटलं!”

५२ कोटी ऐकून हा माणूस हलला नव्हता. तीस रुपये ऐकून उभा राहिला. घरातून नानी बाहेर आल्या, कोण पडलं म्हणून. ५२ कोटी कोणी दिले, का दिले, त्यातलं नानांना काही कळायचं कारण नव्हतं. पण एका केळ्याला तीस रुपये म्हणजे काय, आणि त्यातले शेतातल्या माणसाला किती, हे त्यांना पैशापर्यंत कळत होतं. वारा-वादळात आडवी झालेली बाग, कांदेबागेच्या (म्हणजे पावसाळा सरल्यावर लावायच्या केळीच्या) रोपांचा खर्च, मजुरी, तो सगळा हिशोब त्यांनी उभ्या उभ्या मांडला. मी मधे बोललो नाही.

पुढचं आठ-दहा दिवसांनी फोनवर झालं. ते केळं घेणारा जस्टिन सन, आभासी चलनाच्या धंद्यातला श्रीमंत. त्याने हाँगकाँगला पत्रकार बोलावले आणि सगळ्यांसमोर ते केळं खाऊन टाकलं. इतर केळ्यांपेक्षा चांगलं लागलं म्हणाला. नानांना सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, “पिकलेलं व्हतं ना? मंग लागीनच.”

मग मी म्हटलं, “नाना, त्या फळवाल्याची बातमी पेपरात आली. आपलं केळं कितीला गेलं ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सनने जाहीर केलं की त्याच्या गाडीवरून एक लाख केळी घेईन.”

“बरं झालं!”

“कसलं बरं? ती गाडी त्याची नाही. तो तासाला बारा डॉलरवर कामाला. नफा झाला तर मालकाचा. आणि एक लाख केळी आणायची कुठून, हीच पंचाईत.”

फोनवर थोडा वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. पण नाना हिशोब करत होते. “घडाले दीडशे केयं धर. साडेसहाशे-सातशे घड. अर्धा एकर बी नही लागत.” मग मोठ्याने हसले. “अरे भो, एक लाख म्हंजे एक गाडी माल! एवढ्यासाठी पेपरात?”

मी म्हटलं, “हो, एवढ्यासाठी पेपरात.”

“मंग भाव कोन्ता लावला त्याहीनं? रावेरच्या बाजाराचा का बऱ्हानपूरच्या?”