आधी ओढा, मग आराखडा

नमस्कार, श्रोतेहो.

पर्यावरणपूरक शहर म्हटलं की वृक्षारोपण, सायकल ट्रॅक, इलेक्ट्रिक बस डोळ्यांसमोर येतात. त्यांचे फोटोही छान येतात. ओढ्याचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून आज त्याच्याविषयी बोलतो.

पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. पेशवाईत त्याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळानं थेट शहरातल्या हौदांत आणलं होतं. आज बहुतेकांच्या लेखी हा ओढा म्हणजे नाला, नाक दाबून ओलांडायचा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्यानं सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या. पुणे परिसरात त्या पावसानं वीसहून जास्त बळी घेतले.

पाऊस धो धो होता, खरंच. पण डोंगरउतारावर माती आणि गवत असलं की बरंच पाणी मुरतं, उरलेलं सावकाश खाली येतं. उतार फोडून बंगले उठले, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, की तेच पाणी एकदम ओढ्यात कोसळतं. इकडे ओढा दोन्ही बाजूंनी भराव टाकून आवळलेला. त्यात रस्त्याखाली सिमेंटचे पाइप. त्यांच्या तोंडाशी एखादी गादी, चार फांद्या अडकल्या की बंधारा तयार! मग भिंत उंच करा म्हणतात. त्यानं पाणी कमी होत नाही, पुढच्या वस्तीत जातं.

हे सगळं आता गावांच्या वेशीवर पुन्हा घडू शकतं. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. आपल्याकडे आधी प्लॉट पडतात, मग घरं, मग रस्ता आणि सगळ्यात शेवटी विकास आराखडा, म्हणजे कुठं रस्ता आणि कुठं घरं हे ठरवणारा नकाशा. तोवर ओढ्याला जागा उरते कुठं? माझं म्हणणं एवढंच, की कोऱ्या नकाशावर पहिली रेघ ओढ्याची मारा, रस्त्याची नंतर.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 नुसार प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. तुमच्या गावाचा आराखडा प्रसिद्ध झाला, की आपला प्लॉट कुठल्या झोनमध्ये आहे हे आपण आधी पाहतो. पाहा जरूर, पण शिवारातला ओढा नकाशात आहे का, तेही बघा. नसेल, तर गट नंबर घालून लेखी हरकत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.