घोडा, हरळी आणि साडेनऊशे ब्रास वाळू

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वेम्बली : एका फुटबॉल स्टेडियमची शंभर वर्षं’. वेळ दिलाय पन्नास मिनिटं. म्हणजे मिनिटाला दोन वर्षं, जमायला हरकत नाही. त्याआधी टेबलावरच्या या दोन बरण्या बघून घ्या. लोणच्याच्या आहेत, पण लोणचं नाही, पुढच्या रांगेने निराश होऊ नये. डावीकडे नदीची धुतलेली वाळू, उजवीकडे क्रश सँड, म्हणजे क्रशरवर दगड फोडून केलेली वाळू, न धुतलेली. दोन्हींत निम्म्याहून वर पाणी. दोन्ही सारख्याच हलवतो. ठेवल्या. आता त्यांना हात लावायचा नाही.

स्टेडियम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गॅलरी येते, दिव्यांचे खांब येतात, कोनशिला तर सगळ्यांत आधी येते. हे विजय हजारेंचं गाव, त्यामुळे मैदान म्हणजे क्रिकेटचं, हेही ओघानेच आलं. क्रिकेटमध्ये बावीस यार्डांचे लाड केले की बरंचसं भागतं. फुटबॉलमध्ये १०५ बाय ६८ मीटर ही सगळीच खेळपट्टी. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की फुटबॉलचं स्टेडियम जमिनीच्या खालून वर बांधत यायचं असतं. आपण ते वरून खाली बांधत जातो आणि खाली पोहोचेपर्यंत पैसे संपलेले असतात.

लंडनमधल्या वेम्बलीची सुरुवातही अशाच घोळाने झाली. तिथे आधी स्टेडियम नव्हतं, मनोरा होता. एडवर्ड वॉटकिन नावाचे रेल्वेचे बडे गृहस्थ. आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा बांधायचा, म्हणजे बघायला येणारे आपल्याच गाडीने येतील, असा हिशेब. खर्च वाचवायला मनोऱ्याचे आठ पाय होते त्यांचे चार केले. एकेका पायावर भार वाढला, जमीन बसायला लागली आणि पहिल्या टप्प्यावर, साधारण १५५ फुटांवर, काम थांबलं ते थांबलंच. १९०७ मध्ये उरलेलं सुरुंग लावून पाडलं. खालची माती लंडन क्ले, म्हणजे आपल्या काळ्या मातीची चुलतबहीण. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. त्याच जागी पुढे स्टेडियम आलं, आणि शंभरेक वर्षांनी नव्या स्टेडियमचं खोदकाम करताना वॉटकिनच्या मनोऱ्याचे पाये पुन्हा हाताला लागले.

आता काळ्या मातीचं सांगलीकरांना मी काय सांगणार? उन्हाळ्यात भेगांत हात जातो, पावसात बूट रुतून बसतो. अशा मातीवर थेट गवत लावलं की पहिल्या मोठ्या सरीनंतर पाणी वरच राहतं, कारण माती फुगून भेगा मिटलेल्या असतात. ग्राउंडवर एक इंच पाऊस पडला तर पाणी किती? कडेच्या मोकळ्या पट्ट्यासकट ११५ बाय ७८ मीटर धरा. सव्वादोन लाख लिटर. दहा हजारी बावीस टँकर, तेही एका सरीत.

यावर उपाय कुठून आणायचा? लंडनला जायची गरज नाही, कसबे डिग्रजला जा. क्षारपड जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा कसा करायचा, यावर तिथल्या कृषी संशोधन केंद्रात काम झालेलं आहे. मिरज, वाळवा, पलूसच्या ऊसवाल्यांना हे तोंडपाठ आहे. फरक एवढाच, की शेतकरी पाईप खोल टाकतो आणि दोन ओळींत अंतर जास्त ठेवतो, कारण पाणी चार दिवसांनी उतरलं तरी त्याचं चालतं. फुटबॉलला ते अर्ध्या तासात उतरलेलं लागतं. म्हणून इथे पाईप पाच-पाच मीटरवर, शंभर मिलिमीटरचे, दोनशे मीटरला एक मीटर उतार, सगळे कडेच्या मोठ्या पाईपला तिरके जोडलेले. नुसते आडवे पाईपच अठराशे मीटर भरतात.

क्रम नीट ऐका. आधी काळी माती उकरून, दाबून, तिलाच उतार द्यायचा. उतार खालच्या मातीला नसेल तर वरच्या वाळूला देऊन उपयोग नाही. त्यात चर, चरात पाईप, भोवती खडी. मग माती आणि खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर फुगलेली काळी माती खडीत वर चढते. मग सगळीकडे दहा सेंटिमीटर बारीक खडी, सहा ते दहा मिलिमीटरची. आणि तिच्यावर तीस सेंटिमीटर वाळू, थोडं कुजलेलं खत मिसळून. तीस सेंटिमीटर म्हणजे साडेनऊशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). हो, साडेनऊशे. खडी आणखी सव्वातीनशे.

हा आकडा ऐकला की ठेकेदार म्हणतो, “साहेब, पंधरा सेंटिमीटर टाकू, वरून तेवढंच दिसतं.” इथेच ग्राउंड मरतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, थेंब गळायचा थांबतो. तोच उभा केला की पुन्हा धार लागते. पाणी तेवढंच, स्पंजही तोच, फक्त उंची वाढली. खडीवर बसलेल्या वाळूचं तसंच आहे. तिच्या तळाला पाण्याचा एक थर धरूनच राहतो, खडीत उतरत नाही. वाळू तीस सेंटिमीटर असेल तर तो थर मुळांच्या खाली राहतो, उन्हाळ्यात कामालाही येतो. पंधराच असेल तर तोच थर खेळाडूच्या बुटाखाली येतो. पैसे निम्मे वाचवले आणि चिखल पूर्ण विकत घेतला! वॉटकिनचे आठाचे चार पाय आठवा.

आणि समजा सगळं नीट केलं. मग काय होतं? सभा होते. प्रदर्शन लागतं. मांडववाला येतो, पहारीने दोन फुटांचा खड्डा घेतो, बांबू उभा करतो. दोन फुटांवर काय आहे, हे आत्ताच सांगितलं. एक पाईप फुटला की त्याच्या वरच्या बाजूचा सगळा निचरा तुंबतो, आणि तो कुठे फुटलाय ते पुढच्या पावसाळ्यात डबकं दिसेपर्यंत कळत नाही. मग डबक्यावर मुरूम टाकतात, मुरमावर रोलर फिरवतात. वाळूवर मुरूम म्हणजे चाळणीला बूच. (इथे हसणारे बहुतेक मांडववाले नसावेत.) याच जिल्ह्यात कुस्तीचा आखाडा करताना लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात आणि चप्पल घालून कुणाला आत पाऊल टाकू देत नाहीत. तो मान फुटबॉलच्या मैदानाला कधी मिळणार?

गवताचं दोन वाक्यांत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी कोलकात्याच्या युवा भारती स्टेडियममधलं कृत्रिम गवत काढून नैसर्गिक बर्म्युडा लावलं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, तिच्याच कुळातल्या निवडक जाती. शेतात जिला शिव्या, गणपतीला जिच्या एकवीस जुड्या आणि फुटबॉलला जी परदेशी बियाण्याच्या भावाने, ती ही. (दोनाची चार वाक्यं झाली, चालायचंच.) जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून पसरते, म्हणून बुटांनी उखडलेली जागा स्वतःच भरून काढते. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. “दहा मिनिटे. वेम्बली?” बरोबर आहे, येतो.

वेम्बली तीनशे दिवसांत उभं राहिलं. पायऱ्या टिकतात का हे बघायला सैनिकांना त्यांवर तालात पाय आपटायला लावले होते. २८ एप्रिल १९२३, एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. अधिकृत प्रेक्षक १,२६,०४७, प्रत्यक्षात दोन लाखांहून जास्त असावेत, कारण लोक भिंतींवरून आले. पायऱ्यांचा भार तपासला होता, दारांचा नाही. गर्दी मैदानात उतरली. पोलीस शिपाई जॉर्ज स्कोरी यांनी बिली नावाच्या घोड्यावरून तिला हळूहळू रेषेबाहेर रेटलं. पाऊण तास उशिरा सामना सुरू झाला, बोल्टन २-० ने जिंकलं. तो पांढरा घोडा इंग्लंडमध्ये दंतकथा झाला. पण वेस्ट हॅमच्या प्रशिक्षकाने पराभवाचं खापर त्याच घोड्याच्या टापांवर फोडलं. त्यांचा खेळ कडेकडेने चालायचा आणि तिथेच टापांनी जमीन उखडली होती. घोड्याचं सगळ्यांना आठवतं, टापांचं कुणाला नाही!

पुढचं भराभर. १९६३ मध्ये सगळ्या प्रेक्षकांवर छत आलं. १९६६ मध्ये इंग्लंडने तिथेच पश्चिम जर्मनीला ४-२ ने हरवून विश्वचषक घेतला. १९६९ च्या लीग कप अंतिम सामन्यात तिसऱ्या श्रेणीतल्या स्विंडनने आर्सेनलला चिखलात ३-१ ने लोळवलं. ऑक्टोबर २००० मध्ये शेवटचा सामना, इंग्लंड जर्मनीकडून हरलं. मग जुन्या स्टेडियमच्या दर्शनी बाजूचे ते दोन प्रसिद्ध मनोरे पाडले आणि २००७ मध्ये नवं स्टेडियम उघडलं. नव्वद हजार खुर्च्या, १३३ मीटर उंचीची कमान. ही कमान शोभेची नाही. ती छताचा भार उचलते, त्यामुळे प्रेक्षकासमोर खांब येत नाही.

आणि मैदान? उंच गॅलऱ्यांनी ऊन अडवलं, वारा अडवला, गवत धरेना. ऑक्टोबर २००७ मध्ये तिथे अमेरिकन फुटबॉलचा सामना पावसात झाला, गवत फाटलं. तीनेक आठवड्यांनी त्याच मैदानावर इंग्लंड क्रोएशियाकडून ३-२ ने हरलं आणि युरो २००८ ला, म्हणजे युरोपच्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेला, मुकलं. गवताची गादी पुन्हा पुन्हा बदलून झाली, शेवटी २०१० मध्ये संकरित मैदान केलं : वाळूत वीस सेंटिमीटर खोल, दोन-दोन सेंटिमीटरवर कृत्रिम धागे शिवायचे, खऱ्या गवताची मुळं त्यांना धरून राहतात.

राहिली सांगली. गॅलरीचा पाया काळ्या मातीत साधा घालू नका, अंडर-रीम्ड पाइल घ्या, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, खाली फुगीर बुंध्याचे खांब; रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केलेत. निचऱ्याच्या शेवटच्या पाईपला उलट पाणी अडवणारी झडप हवीच. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर होती. झडप नसेल तर पूर गेटाऐवजी तुमच्याच पाईपांतून मैदानात येईल. आणि पूर ओसरला की गाळ ओला असतानाच रबरी फावड्याने ओढून काढायचा. वाळल्यावर रोलर फिरवलात तर साडेनऊशे ब्रासवर सिमेंट केल्यासारखं होईल.

वेळ संपली. आता बरण्या बघा. डावीकडची केव्हाच निवळली, उजवीकडची अजून ताकासारखी आहे. ती उद्या सकाळी बसेल. वाळूवर राखाडी थर दिसेल, तीच निचरा बुजवणारी बारीक धूळ; तो थर बोटाने मोजा. बोटभर असला तर ट्रक खाली न करता परत पाठवा.