घरी सर्व्हिसिंग केल्यावर जुनी गाडी बंद पडते, तेव्हा आधी काय तपासावे

नमस्कार मंडळी. घरच्या घरी सर्व्हिसिंग केलेली जुनी मोटारसायकल किकला चालू होते, पण अ‍ॅक्सिलेटर सोडला की बंद पडते किंवा दोन-चार किलोमीटर गेल्यावर रस्त्यातच थांबते, ही आपल्या भागातली नेहमीची अडचण आहे. खरिपाची धावपळ सुरू होण्यापूर्वी आपण गाडीचे ऑइल बदलतो, एअर फिल्टर धुतो, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, खोलून साफ करतो, आणि नेमकी त्यानंतर गाडी त्रास देऊ लागते. आज त्याच बिघाडाचा शोध कसा घ्यावा ते पाहू.

बोलणे फक्त कार्बोरेटरच्या, शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांपुरते आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. परंतु यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या खेड्यांत शेतावर फवारणीचा पंप आणि खताचे पोते वाहून नेणारी गाडी पुष्कळदा त्याआधीचीच असते.

माझे सांगणे एवढेच आहे की, जी गाडी काल धड चालत होती आणि पाना लागल्यावर बंद पडू लागली, तिच्यात नवा बिघाड शोधत बसू नये. जिथे जिथे आपला हात लागला, ती ठिकाणे उलट क्रमाने, म्हणजे शेवटचे काम सर्वांत आधी, पुन्हा तपासावीत. आणि हे काम उद्यावर टाकू नये, कारण आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर सोडलेला असताना, बंद पडणारी गाडी वेग कमी करतानाच बंद पडते. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ सारखा रस्ता ओलांडताना, समोरून ट्रक येत असताना आणि मागे घरचे माणूस बसलेले असताना ती बंद पडली, तर काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको.

पहिली तपासणी पाना न लावता होते. पेट्रोलचा कॉक पूर्ण उघडा आहे का, टाकीपासून कार्बोरेटरकडे येणारी नळी टाकी बसवताना दबली किंवा दुमडली तर नाही ना, आणि इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची टोपी शेवटपर्यंत बसली आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. गाडी धुतली असेल, तर प्लगची टोपी काढून आतून कोरडी पुसावी.

यानंतर चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका, वापरून एक साधी परीक्षा करावी. इंजिन गरम झाल्यावरही गाडी अर्ध्या चोकवर टिकते आणि चोक काढला की बंद पडते, असे असेल तर इंजिनला हवा जास्त व पेट्रोल कमी मिळत आहे. उलट, चोक ओढताच ती गुदमरते, काळा धूर सोडते आणि प्लग काढल्यावर त्यावर कोरडी काजळी दिसते, असे असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम हलके होते, कारण पुढे कोणत्या बाजूला शोधायचे ते ठरते.

आता पेट्रोल कमी पडण्याची बाजू पाहू, कारण कार्बोरेटर साफ केल्यानंतरचा दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

(कॅमेरा हातातील जेटवर जवळ येतो.)

हा पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली बारीक छिद्राची तोटी, ज्याला काही मिस्त्री स्लो जेटही म्हणतात. अ‍ॅक्सिलेटर सोडलेला असताना इंजिन ज्या पेट्रोलवर जगते, ते याच्या छिद्रातून येते, आणि हे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. जेट उजेडासमोर धरून त्यातून पाहा. छिद्र स्वच्छ असेल तर पलीकडचा उजेड गोल, टोकदार ठिपक्यासारखा दिसतो. कचरा असेल तर ठिपका अर्धा दिसतो किंवा दिसतच नाही. आपण कार्बोरेटर पुसायला जुने सुती कापड घेतो आणि त्याचा एखादा धागा इथे अडकायला पुरतो. छिद्रात सुई किंवा तार घालू नका. जेट पितळेचा असतो, पितळ नरम असते, आणि एकदा छिद्र वाढले की मिश्रण पुन्हा कधीच जमत नाही. जेट पेट्रोलमध्ये भिजवून पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकणे हाच योग्य मार्ग आहे. जेट काढलेला असतानाच कार्बोरेटरच्या अंगातील बारीक वाटाही फुंकून घ्याव्यात, कारण जेट स्वच्छ आणि त्यामागची वाट बंद, असेही पुष्कळदा असते.

जेट स्वच्छ असूनही गाडी टिकत नसेल, तर आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘गाडी हवा घेऊन राहिली’ म्हणतात, तो दोष पाहावा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी ओ-रिंग असते. जुनी रिंग विदर्भाच्या उन्हात व इंजिनाच्या आचेत कडक झालेली असते. कार्बोरेटर काढून परत लावताना ती चिरते, जागेवरून सरकते किंवा दोन बोल्टपैकी एक जास्त आवळल्याने तोंड तिरपे बसते. मग कार्बोरेटरला वळसा घालून हवा थेट आत जाते. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर फवाऱ्याच्या बाटलीने थोडे पाणी मारावे, मात्र प्लगवर जाऊ देऊ नये. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच शिरत आहे. अशा वेळी ओ-रिंग बदलावी. त्यावर शेलॅकचा चिकट लेप किंवा गोंद लावून वेळ मारून नेऊ नये, कारण त्याचाच तुकडा पुढे आत जातो.

अनेक जण या ठिकाणी एक गोष्ट करतात, जी मला मुळीच मान्य नाही. गाडी टिकत नाही म्हणून ते आयडलचा स्क्रू पिळून आरपीएम वाढवून ठेवतात. गाडी टिकते, पण दोष आतच राहतो, पेट्रोल जास्त लागते आणि गिअर टाकताना धक्का बसतो. या वर्गातील बऱ्याच गाड्यांचे आयडल सुमारे १४०० आरपीएमचे असते. तिथे गाडी शांत टिकली, तरच काम झाले असे समजावे. मिश्रणाच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांत बसतो ते मोजून लिहून ठेवावे, म्हणजे चुकले तरी मूळ जागेवर परत येता येते.

गाडी आयडलला छान टिकते, पण काही किलोमीटरनंतर पेट्रोल संपल्यासारखी मान टाकते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते, असा प्रकार असेल तर टाकीचे झाकण उघडा. उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला, तर झाकणातील हवेचे छिद्र बंद आहे. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली पॉलिथिन लावण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि नेमके तेच हे छिद्र बंद करते. हवा आत गेली नाही तर टाकीतून पेट्रोल खाली उतरणार नाही. पॉलिथिन काढा आणि झाकणाचे रबर खराब असेल तर ते बदला.

पेट्रोल जास्त होण्याच्या बाजूला पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून घट्ट पिळावा लागतो. तेल निथळत ठेवले तर इंजिनाचा श्वास कोंडतो. कागदी फिल्टर धुऊ नये, तो बदलावा. फिल्टर काढून गाडी चालवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण सोयाबीन आणि तुरीच्या मळणीची धूळ सिलिंडर घासून टाकते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरचा गॅप ठरवणारे स्क्रू, सेट केले असतील, तर थंड गाडी लगेच सुरू होते आणि गरम झाल्यावर बंद पडते, ही खूण लक्षात ठेवावी. गॅप फार कमी राहिला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. गॅप थंड इंजिनवर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊनच पाहावा. इंजिनाच्या फ्लायव्हीलवरची, म्हणजे फिरणाऱ्या चाकावरची, टी खूण जुळली म्हणजे झाले, असे नाही; ही खूण दोनदा येते, आणि ज्या वेळी दोन्ही टॅपेट हाताला सैल लागतात, तीच कॉम्प्रेशनची वेळ असते. गॅप बरोबर असूनही गरम झाल्यावर बंद पडत असेल, तर लगेच ठिणगी तपासावी. ठिणगीला वीज देणारी कॉइल बिघडली असेल, तर ती गरम झाल्यावर ठिणगी सोडत नाही आणि थंड झाल्यावर सोडते.

शेवटी पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. देशात १० टक्क्यांचे प्रमाण जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी ओढते, आणि पाणी जास्त झाले की ते दोन्ही मिळून तळाशी वेगळे बसतात. गाडी धुताना टाकीत पाणी गेले असेल किंवा गाडी पावसाळाभर उभी असेल, तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि काही वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. हे काम उघड्यावर, थंड इंजिनवर करा. जवळपास चूल, विडी किंवा चालू मोटार नसावी.

हे सर्व पाहूनही गाडी बंद पडत असेल, तर मिस्त्रीकडे न्या आणि त्याला तीन गोष्टी नेमक्या सांगा: गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर, चोक ओढल्यावर काय होते, आणि तुम्ही काय काय खोलले होते. तिसरी गोष्ट लाजेने लपवू नका, कारण मिस्त्री शोध तिथूनच सुरू करणार असतो.